नांगर बेळगावचाच!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवारच्या पुरवणीतलं इतिहासातल्या गमतींचं सदर वाचलं. ऑस्ट्रेलियाच्या फौजेने १९३२ साली मशीनगन घेऊन एमू पक्ष्यांवर चाल केली आणि पक्षीच त्यांना पुरून उरले, हे वाचून आमची नातवंडं पोट धरून हसली. झांजीबारचं १८९६ चं युद्ध पाऊण तासाच्या आत आटोपलं, हेही त्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्याबद्दल आपले मनापासून आभार. पण चौकटीच्या शेवटच्या ओळीवर आलो आणि चहा तसाच राहिला. म्हणे, किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिल्यांदा किर्लोस्करवाडीत तयार झाला. पुन्हा तेच!

साहेब, किर्लोस्करवाडी वसली १९१० साली. नांगर त्याच्या आधीचा आणि तो आमच्या बेळगावचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे इथल्याच गुर्लहोसूरचे. मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. लक्ष्मणराव मुंबईत शिकवायला होते तेव्हा तिथून सायकली पाठवायचे, आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. नुसत्या विकून थांबायचे नाहीत, घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. पुढे नोकरीत डावललं गेल्यावर लक्ष्मणराव ती सोडून इथेच आले. आधी कडबा कापायचं यंत्र काढलं, मग नांगर. हे सगळं बेळगावात. नंतर वस्ती वाढवायची म्हणून नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ देऊ केला आणि कारखाना तिकडे गेला. आजही आमची माणसं गणपतीच्या खरेदीला किर्लोस्कर रोडवर जातात. त्या रस्त्याला हे नाव कशामुळे, हे त्यांना सांगायचं काम आपल्या पेपरचं नाही तर कुणाचं?

खरी गंमत तर पुढेच आहे, आणि ती आपण छापलीच नाही. नांगर तयार झाला, पण दोन वर्षं गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या आज्जीच्या तोंडून ऐकली आहे. माझ्या पणजोबांनी असला नांगर येळ्ळूरच्या शिवारात आणला, त्या दिवशी पणजी बांधावर आडवी उभी राहिली. "जमिनीत इख कालवूलास काय रं?" असं ती भर शिवारात नवऱ्याला ओरडली, हे आज्जी नक्कल करून सांगायची. पणजोबांनी वाद घातला नाही. बांधालगतचं कोपऱ्यातलं एक वाकुरं तेवढं त्या नांगराने नांगरलं, बाकीचं शेत लाकडी नांगरानेच. त्या साली कोपऱ्यातलं भात इतकं दाटून आलं की पुढच्या उन्हाळ्यात पणजीनेच फाळाला हळदकुंकू लावलं. तो नांगर आजही आमच्या गोठ्यात आहे. फाळ झिजून अर्ध्यावर आलाय, रुमणं दोनदा बदललंय. दर दसऱ्याला आम्ही त्याची पूजा करतो.

म्हणूनच ही चूक मला लागते. गेल्या वर्षी आपल्याच सदरात हीच ओळ आली होती. तेव्हा मी तीन पानी पत्र लिहिलं, दोन वेळा शुद्ध करून काढलं, पोस्टावर भरवसा न ठेवता बसने शहरात येऊन आपल्या कचेरीत हाताने दिलं. पंधरा दिवसांनी ते छापून आलं. चार ओळी! 'सदर वाचनीय आहे, मुलांना आवडते' एवढंच. नांगर गेला, बेळगाव गेलं, पणजी गेली. खाली माझं नाव मात्र पूर्ण. गावात लोक म्हणाले, पेपरची स्तुती करायला एवढ्या लांब गेला होता काय? ते मला फार लागलं. मी स्तुती करायला गेलो नव्हतो, चूक दाखवायला गेलो होतो.

जागा नाही असं कृपया सांगू नका. एमू आणि झांजीबारला जागा आहे. दूरच्या गोष्टी देऊ नका असं माझं म्हणणं नाही, पण घरच्या गोष्टी तितक्याच रंजक आहेत. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात आले, भाटे वकिलांकडे उतरले. त्यांनी पान-सुपारी मागितली, मग तंबाखूही मागितली, आणि घरची मंडळी चकित झाली. संन्यासी आणि तंबाखू! त्याच घरातला मुलगा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता, तर स्वामीजींना ती त्याच्याहून चांगली येत होती. त्या मुलानेच मोठेपणी हे लिहून ठेवलं. कित्तूरला १८२४ साली मारला गेलेला कलेक्टर थॅकरे हा प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार थॅकरे याचा चुलता. हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

आणि लिहायला बसलोच आहे तर एक सांगतो. पंधरवड्यापूर्वी बोस्टनच्या १९१९ च्या दुर्घटनेत 'मोलॅसिसचा पूर' आला असं आपण छापलं. २१ माणसं त्यात गेली, गोष्ट लहान नाही. पण मोलॅसिस म्हणजे काय, हे एका शब्दाने सांगितलं नाही. साहेब, ती मळी. ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचे भोंगे ऐकून माणसं घड्याळ लावतात, तिथे हा शब्द सापडू नये? नातवाने मला विचारलं तेव्हा 'मळी' म्हणताच त्याने नाकच धरलं, इतकं त्याला लगेच कळलं.

येत्या रविवारी त्याच चौकटीत, त्याच आकारात दुरुस्ती छापावी ही विनंती. नांगराचा फोटो हवा असेल तर आपला माणूस येळ्ळूरला पाठवा, मी गोठा उघडून देईन. आणि या पत्राला कात्री लावावीच लागली तर आभाराचा पहिला परिच्छेद कापा. पणजीचा तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव