फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नका

महोदय,
पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स सामानाच्या तापकीर गल्लीतून फेरिक क्लोराइड, म्हणजे बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवणारं रसायन आणायचं, खोलीवर प्रोजेक्टचा सर्किट बोर्ड करायचा आणि उरलेलं तपकिरी पाणी मोरीत ओतून द्यायचं, हे अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये सर्रास चालतं. वापरलेल्या द्रावणात बोर्डावरचं तांबं विरघळलेलं असतं. ते माशांना विषारी आहेच, शिवाय मैलाशुद्धीकरण केंद्रातल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारक आहे. मुळा-मुठेचे हाल पुणेकरांना सांगायला नकोत.

हे द्रावण प्लास्टिकच्या कॅनमध्येच साठवावं; धातूचा डबा ते खाऊन टाकतं. निकामी झालं की मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत, हातमोजे आणि चष्मा घालून, त्यात धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने टाकावा. जोरात फसफसतं, घाई केली तर उतू जातं. फेस येणं थांबलं की गाळ तळाशी बसू लागतो. त्या गाळातही तांबं असतंच, म्हणून तो कचरा गोळा करणाऱ्या ताईंच्या हाती देणं चूक आहे. फेरिक क्लोराइडऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरणाऱ्यांनी तर बाटलीचं झाकण घट्ट लावूच नये. आत वायू साठून बाटली फुटू शकते.

घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा प्रकल्प रांजणगावला आहे, पण अर्धा लिटर पाणी घेऊन एकटा विद्यार्थी तिथे जाणार कसा? महाविद्यालयांनी हे सगळं प्रयोगशाळेतच एका कॅनमध्ये जमा करून आपल्या घातक कचऱ्यासोबत पाठवावं. विक्रेत्यांनीही पुडीसोबत चार ओळींची मराठी सूचना द्यावी.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे