ढेरीचे खापर एकट्या टेस्टोस्टेरॉनवर नको

महोदय,

‘चाळिशीनंतर पुरुषी हार्मोन घटते म्हणून पोट सुटते, इंजेक्शन घ्या’ अशा आशयाच्या जाहिराती मोबाइलवर सतत दिसतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अनेक वर्षे काम केले. ऑफिस सुटल्यावर, भजी-चहा करून या हार्मोनच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या, तपासणीसाठी रक्त द्यायला आलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असते, दिवसभरात उतरते, खाल्ल्यावरही कमी होते. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी तपासल्याशिवाय कमतरता आहे असे म्हणता येत नाही. संध्याकाळच्या एका आकड्याने माणूस घाबरतो आणि लगेच इंजेक्शनला तयार होतो, याचे मला फार वाईट वाटते.

वयानुसार टेस्टोस्टेरॉन कमी होते हे खरेच आहे, साधारण वर्षाला १ टक्का. पण पोटाच्या चरबीमुळेही टेस्टोस्टेरॉन कमी होते, ही बाजू जाहिरातीत येत नाही. वजन नीट उतरवले की अनेकांचा आकडा औषधाशिवाय वर येतो.

चरबीतले अ‍ॅरोमॅटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन हे ‘स्त्री हार्मोन’ बनवते. हे कळल्यावर जिममधली काही मंडळी इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या घेतात. ते तर अगदीच उलटे आहे. अमेरिकेत संशोधक फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २० ते ५० वयाच्या निरोगी पुरुषांचे स्वतःचे हार्मोन औषधाने बंद करून, बाहेरून कमी-जास्त टेस्टोस्टेरॉन दिले. एका गटात त्याचे इस्ट्रोजेन होणेही रोखले. २०१३ साली आलेला निष्कर्ष असा, की स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतात, पण चरबी वाढते ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी पडल्याने. पुरुषालाही ते लागते.

आपल्याकडे तर वजनकाट्यावरही भरवसा नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) सारखाच, २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली दोघांचा फोटोच छापला होता. म्हणून कंबर मोजावी. भारतीय पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

खरी कमतरता असलेल्यांना टेस्टोस्टेरॉनचे उपचार जरूर मिळावेत, एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या (हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांच्या) देखरेखीखाली. या उपचारांच्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका वाढलेला दिसला नाही, पण हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात गुठळी होणे वाढले. शिवाय बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू घटतात. मूल हवे असलेल्या तरुणांना हे आधी सांगायला हवे.

लॅबनी या तपासणीसाठी संध्याकाळी रक्त घेऊ नये आणि रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ ठळक छापावी, एवढे तरी आरोग्य विभागाने बंधनकारक करावे.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पुणे