अमरावती दुसऱ्या नंबरवर होती

कराड,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय वैशू,

तुझा मेसेज वाचला. "अमरावती लागत होतं नं तुला?" बस, एवढंच. तीन दिवस मी टाइप करू करू पुसत बसली, शेवटी कागद घेतला. फोनवर तू मधातच तोडते आणि मग मी भलतंच बोलून जाते.

तर हो, लागत होतं. इथे ज्या पर्सेंटाइलवर सिव्हिल इंजिनिअरिंग मिळालं, त्यात अमरावतीच्या सरकारी कॉलेजातही मिळालं असतं. गावात सगळ्यांना मी सांगितलं, कराडच लागलं, आता काय करता! तुलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं.

फॉर्म भरला तो दिवस सांगते. दारव्ह्याला नेटकॅफेत गेलो होतो, मी आणि बाबा. सकाळपासून झड लागली होती. बाबांनी कागदपत्रांची थैली शर्टाच्या आत धरली होती, स्वतः पूर्ण ओले. कॅफेवाला पोरगा म्हणाला, पर्याय नीट लाव ताई, पहिल्या नंबरचं कॉलेज पहिल्या फेरीत लागलं की ते आपोआप पक्कं होते, मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. मी कराड वर टाकलं आणि अमरावती खाली. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे वरचं कोणतं गाव व्हय?" मी म्हटलं, "सरकारी आहे, बाबा." ते म्हणाले, "मंग ठीक आहे."

यात खोटं असं काहीच नाही. त्यांनी गाव विचारलं होतं, मी भलतंच सांगितलं, एवढंच. आणि तेच मला अजून टोचते.

तुझ्या नर्सिंगच्या वेळी तुझ्या घरी केवढा तमाशा झाला होता, आठवते? दादा म्हणे यवतमाळच्या पुढे पाठवत नाही, काका ताटावरून उठले, तू रात्री आमच्याकडे झोपायला आली. तुझे डोळे सुजलेले होते आणि वैशू, मला तेव्हा तुझा हेवा वाटत होता. तुझा दादा बारावीनंतर शिकलेला, त्याला कॉलेज म्हणजे काय ते माहीत, म्हणून तो भांडू तरी शकला. आमच्या घरी कोणी भांडायलाच नाही. माय म्हणे, "तुले समजते तसं कर." बाबा म्हणे, "आपल्याले का समजते त्यातलं?" मला वाटायचं, कोणीतरी एकदा ठणकावून नाही म्हणावं. मग मी चिडली असती, रडली असती, पण चुकलं तर ती चूक सगळ्यांची झाली असती. आता चुकलं तर फक्त माझं.

एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला होता, तो किस्सा तुला माहीतच आहे. बॅग देतो, बसचा पास देतो म्हणे. बाबांनी त्याला दोन वेळा चहा पाजला. त्यांच्यासाठी तोही सरच.

आणि ती जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी! ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागते, म्हणून आजोबांच्या शाळेत गेलो. गुरुजींनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. कोपरे वाळवीने खाल्लेले, शाई तपकिरी झालेली. त्यात आजोबांचं नाव, पुढे 'कुणबी', दाखल १९५६, दुसरीत नाव कमी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सतत गैरहजर'. बाबांना मी वाचून दाखवलं. ते हसले, म्हणाले, "गुरं कोण राखन मंग?" मग नक्कल घडी घालून थैलीत ठेवली, ती मात्र सगळ्या कागदांच्या मधात. आजोबा ते दीड वर्षही शाळेत गेले नसते तर आमच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं.

आता तू म्हणशील, हे सगळं ठीक, पण कराडच काऊन?

अमरावती आपल्याकडून एसटीने दोन-अडीच तास. माझ्या मावशीने खोली आवरूनच ठेवली होती. तिथे गेली असती तर मी मावशीचा स्वयंपाक करून कॉलेजला गेली असती, शनिवारी घरी आली असती, निंदणाच्या दिवसांत चार दिवस जास्त राहिली असती. कोणी बोलावलं नसतं गं. मीच आली असती. मायची कंबर दुखते हे माहीत असताना अडीच तासांवर बसून डिझाइनचे पेपर सोडवणं माझ्याच्यानं झालं नसतं. म्हणून मी अशा ठिकाणी आली जिथून येताच येत नाही. दुपारी बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कराड. गाडीही बदलावी लागत नाही. म्हणजे पळून जायची सोय रुळांनीच करून ठेवली आहे.

हे असं लिहिलं की किती वाईट वाटते वाचायला. पण तुला नाही तर कोणाला सांगू?

पैशाचं विचारलं होतं तू. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींची शिकवणीची आणि परीक्षेची फी माफ आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मेसचे पैसे मात्र दर महिन्याला लागतात. भाव वाढेल म्हणून बाबांनी तूर ठेवली होती, ती आधीच विकली. हे मला मायने सांगितलं, बाबांनी नाही.

इथलं सांगू का? स्टेशन गावात नाही, तिकडे ओगलेवाडीला आहे. पहिल्याच दिवशी मी "गाडी येऊन राहिली" म्हटलं तर अख्खी खोली हसली. आता माझी रूममेट सांगलीची पोरगी स्वतःच "जेवून राहिले" म्हणते, आणि चुकीच्या जागी म्हणते. प्रीतिसंगमावर गेलो होतो. कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येऊन भेटतात, जवळच यशवंतरावांची समाधी आहे. पाणी एवढं की मला बघवेना. मेसचे काका पेपर उघडला की आधी कोयना धरण किती टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, झालं ते वाचतात, आपल्याकडे कापसाचा भाव वाचतात तसं. धरण भरलं की १०५. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे लोक पाणी टीएमसीत मोजत नाहीत, किती दिवसांनी आलं त्यावर मोजतात. ते काही बोलले नाहीत, ताटात एक भाकरी जास्त वाढली.

बाबांचा रोज आठ वाजता फोन येतो. "जेवली का?" "हो." "तिकडं पाणी आहे का?" "आहे." मग दोघंही गप्प. एकदा मी म्हटलं, आपल्या शाळेच्या ऑफिसात ज्यांचा फोटो आहे ते पंजाबराव देशमुख पण पापळहून पुण्याला आणि तिथून विलायतेला शिकायला गेले होते. बाबा म्हणाले, "ते मोठे लोक." थोडं थांबून म्हणाले, "तुह्यं गाव पाहिलं म्या नकाशात. कॅफेतल्या पोट्ट्याले दाखवाले लावलं. लयच खाली आहे वं."

म्हणजे त्यांना आता कळलं आहे, अमरावती कुठे आणि हे कुठे. ते पुढे काही बोलले नाहीत. मीही बोलली नाही. दिवाळीत समोर बसून सांगणार आहे, फोनवर हे जमणार नाही.

दिवाळीचं तिकीट काढलं आहे, वेटिंग एकसष्ट. नाही झालं कन्फर्म तर जनरलने येते. बडनेऱ्याहून जी मिळेल ती गाडी पकडून दारव्ह्याला येईन. तू स्टँडवर येजो. राग असला तरी येजो, तिथेच भांडू, मग दोघी मिळून घरी जाऊ. मला एकटीने त्या दारात जायचं नाही आहे.

तुझी,
मंगू