पार्किंगमध्ये बॅटरी मेंटेनरसाठी स्वतंत्र प्लग पॉइंट मिळण्याबाबत

दिनांक: १२ मे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
कोथरूड, पुणे

विषय: स्टिल्ट पार्किंगमधील माझ्या जागेजवळ, माझ्या स्वतःच्या मीटरवरून, कमी क्षमतेचा प्लग पॉइंट घेण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

वरील मागणीच्या माझ्या अर्जावर समितीने तोंडी कळवले की, विद्युत वाहनांच्या चार्जिंगचे धोरण वार्षिक सर्वसाधारण सभेत ठरेपर्यंत पार्किंगमध्ये कोणालाही वीजजोड देता येणार नाही. धोरण आधी आणि जोड नंतर, ही भूमिका मला पटते. परंतु माझी गाडी पेट्रोलवर चालणारी आहे; हा पॉइंट मला बॅटरी मेंटेनरसाठी, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणाऱ्या छोट्या चार्जरसाठी, हवा आहे. शिवाय कायद्याने ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत केव्हाही घेता येत असल्यामुळे, ज्या पावसाळ्यासाठी मला हा पॉइंट हवा आहे तो तोवर सरून गेलेला असेल. म्हणून हे दोन विषय वेगळे का धरावेत, ते सविस्तर मांडतो.

माझी दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार जमिनीपासून फार कमी उंचीवर असल्याने जून ते सप्टेंबर मी ती रस्त्यावर काढत नाही. गाडी बंद असली तरी तिची अलार्म यंत्रणा, सेंट्रल लॉकिंग आणि संगणक थोडी थोडी वीज खातच असतात. हा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास आणि महिन्याला एकवीस-बावीस अँपिअर-तास खर्च होतात; माझी बॅटरी ७० अँपिअर-तासांची आहे. दीड महिन्यात ती निम्म्याच्या आसपास येते आणि पावसाळा संपण्याआधीच पूर्ण उतरते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब साधारण १२.७ व्होल्ट असतो. तो बराच काळ १२.४ च्या खाली राहिला की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, आणि नंतर कितीही चार्ज केले तरी गेलेली क्षमता पूर्णपणे परत येत नाही.

अर्जासोबतच्या मेंटेनरच्या माहितीपत्रकात ‘हिवाळी साठवण’ असे शब्द पाहून एका समिती सदस्यांनी, पुण्यात असा कुठला हिवाळा पडतो, असे विचारले होते. प्रश्न योग्यच आहे. युरोपात रस्त्यांवर बर्फ आणि मीठ असते त्या महिन्यांत अशा गाड्या बंद ठेवतात, आणि ही उपकरणे मुख्यतः त्या गरजेतून रूढ झाली. आपल्याकडे तीच वेळ पावसाळ्यात येते. उतरलेली बॅटरी गोठण्याचा तिकडचा धोका इथे नाही. मात्र तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे न वापरलेली बॅटरी थंड गॅरेजपेक्षा आपल्या पार्किंगमध्येच लवकर उतरते.

आठवड्यातून एकदा इंजिन चालू ठेवावे, असा सल्ला मला काही शेजाऱ्यांनी आपुलकीने दिला. दहा-पंधरा मिनिटे उभ्या गाडीचे इंजिन चालवून बॅटरी पुरती भरत नाही, कारण शेवटचे काही टक्के भरायलाच कित्येक तास लागतात. उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि धूर व आवाज पहिल्या मजल्यावरच्या घरांत जातो. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, तर अलार्म बंद पडतो. शिवाय माझ्या गाडीची बॅटरी पुढच्या झाकणाखाली आहे आणि त्या झाकणाची कडी विजेवर उघडते, म्हणजे तार काढून झाकण लावले की ते पुन्हा सहज उघडत नाही; हा अभियंत्यांचा विनोद म्हणावा लागेल.

यात संस्थेचेही हित आहे. माझी जागा भूमिगत टाकीच्या झाकणालगत आहे. बॅटरी पूर्ण उतरली की माझ्या गाडीचा विजेवर चालणारा हँडब्रेक सुटत नाही आणि ऑटोमॅटिक गिअर ‘पार्क’मध्येच अडकून राहतो; मग टाकी साफ करणाऱ्यांसाठी किंवा, देव न करो, अग्निशमन दलासाठी ती गाडी चार माणसांना ढकलूनही हलवता येणार नाही.

आता वीज आणि सुरक्षिततेविषयी. बॅटरी मेंटेनर बॅटरी चार्ज करताना १०० वॉटच्या आत वीज घेतो आणि बॅटरी भरली की दाब सुमारे १३.५ व्होल्टवर आणून जेमतेम काही वॉटवर चालतो. चार महिन्यांत वीसेक युनिटे लागावीत. विद्युत मोटारीचा ७.४ किलोवॉटचा घरगुती चार्जर याच्या सत्तर पटीहून अधिक भार टाकतो. मंजूर भाराचा, म्हणजे वीजजोडाला मंजूर असलेल्या क्षमतेचा, जो प्रश्न सभेपुढे आहे, तो इथे उद्भवत नाही. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघून आग लागेल, ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही: गॅरेजमधला जुना, न थांबणारा चार्जर लावून ठेवला तर बॅटरी जास्त चार्ज होऊन असा वायू निघतो. मेंटेनर दाब स्वतः नियंत्रित करतो, माझी बॅटरी एजीएम प्रकारची (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले असते अशी) बंदिस्त आहे, आणि आपले स्टिल्ट तीन बाजूंनी उघडे आहे.

जोड माझ्या मीटरनंतरच्या बाजूने घेतला जाईल, म्हणजे सामाईक बिलाशी त्याचा संबंध येणार नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) बसवून, तार पीव्हीसी पाइपातून भिंतीवरून नेण्यात येईल. उंदरांचा उपद्रव सर्वांना ठाऊकच आहे. प्लग जमिनीपासून चार फुटांवर, कुलूप लागणाऱ्या जलरोधक पेटीत राहील. कुलूप हवेच, नाहीतर तिथे कोणाचा ना कोणाचा मोबाइल चार्ज होत राहील. सर्व खर्च माझा असेल, आणि सभेने पुढे जे धोरण ठरवले त्यानुसार जोड बदलण्याचे किंवा काढून टाकण्याचे हमीपत्र मी देईन.

पाऊस सुरू होण्यापूर्वी काम पूर्ण व्हावे यासाठी समितीने हा अर्ज याच महिन्याच्या बैठकीत घ्यावा आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती. बैठकीपूर्वी संस्थेच्या इलेक्ट्रिशियनकडून जागेची पाहणी करून घ्यायची असल्यास मी कोणत्याही रविवारी उपस्थित राहीन.

आपला विश्वासू,
सदस्य, बी विंग

सोबत: मेंटेनरचे माहितीपत्रक, वायरिंगचा आराखडा, हमीपत्राचा मसुदा