कळसूबाईच्या पायथ्याशी राहणाऱ्या मावशी आणि दादांना

सोलापूर

मावशी, दादा, सप्रेम नमस्कार.

घरी पोचून पंधरा दिवस झाले. फोनवर आभार मानले, पण रेंज येत-जात होती आणि मनातलं बरंच राहून गेलं. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

आमचे अण्णा छत्तीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणत होते. मागाच्या खडखडाटानं कान अधू झाले आणि कारखाना बंद पडल्यापासून बोलणंही आटलं. मेअखेरीला त्यांना घेऊन नगर, संगमनेर, अकोले करत तुमच्याकडे आलो, ते फक्त सोलापूरच्या उन्हातून चार दिवस सुटका व्हावी म्हणून.

पहिल्या संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यात कुडाच्या भिंतीची माती निघून आतल्या कारवीच्या, म्हणजे त्या डोंगरी झुडपाच्या, काठ्या दिसत होत्या. अण्णा तिथं जाऊन बसले, बोटं फिरवली आणि म्हणाले, "हा तर ताणा-बाणा!" दादा, तुम्ही हातातलं काम टाकून त्यांच्या कानाशी बसलात. उभी कारवी, तिला आडव्या बांबूच्या कांबी, वरून शेणमातीचं लिंपण. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, बी पडलं की वाळते, मग काठ्या तोडायच्या, हे सगळं तुम्ही न कंटाळता मोठ्या आवाजात दोनदा सांगितलंत. आणि सकाळी तो कोपरा अण्णांच्याच हाती दिलात. 'पाहुणे आहात, बसा' म्हणाला नाहीत. मावशींनी माती कालवली, तुम्ही कांबी बांधल्यात, आणि अण्णा बोलत राहिले. आडवा धागा नेणारा धोटा, त्यातली धाग्याची कांडी, तुटलेला धागा चालू मागावर कसा जोडायचा... त्यांची मुलगी असून मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

मावशी, तुमच्या हातची नाचणीची भाकरी, वरईचा भात आणि आमची शेंगाचटणी एका ताटात छान नांदली. राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं वालाचं बी तुम्ही दाखवलंत, तेव्हा देशी बियाणं जपणाऱ्या, तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवल्या. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं. तसं जपलेलं बी एका घराच्या उतरंडीत पाहणं वेगळंच. अंघोळीचं पाणी अळूच्या वाफ्यात सोडायची तुमची रीत मात्र आम्हाला शिकवावी लागली नाही. पाण्याची किंमत सोलापूरकराला कळते.

काजव्यांची रात्र तर विसरणं शक्य नाही. हिरड्या-सादड्याची झाडं एका लयीत उजळत-विझत होती. काही पर्यटक मोबाइलचे टॉर्च लावून पुढे घुसले. दादांनी हात जोडून त्यांना थांबवलं. हा उजेड नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो, आपला दिवा पडला की त्यांची चुकामूक होते, एवढंच सांगितलंत. लोकांनी टॉर्च विझवले. तुमच्या महादेव कोळी वस्तीत ही झाडं आणि हा अंधार दोन्ही राखून ठेवलंत, म्हणून आमच्या वाट्याला ती रात्र आली.

इथं आल्यावर अण्णा शेजारच्या मुलांना कुडाची भिंत कशी बांधतात ते सांगतात. तुम्ही दिलेलं वालाचं बी गच्चीवरच्या डब्यात रुजलंय. अण्णांनी निवडलेल्या दोन चादरी पार्सलनं पाठवल्या आहेत, पावसाळ्यात उपयोगी पडतील.

तुमच्याकडची कारवी पुढं कधी फुलणार ते कळवा. अण्णांना त्या वर्षी यायचंय.

तुमची,
अण्णांची लेक