पक्याचा स्वेटर

सांगली, मंगळवार रात्र

मध्या,

दीड वर्षात ना पत्र, ना फोन, आणि आता लिहितोय तेही अडलंय म्हणून. आधी शिव्या घालून घे. माझी शुगर गोळ्यांवर ठीक, गुडघे कुरकुरतात. झालं.

काल काकू दुकानात आल्या. एकट्या, रिक्षानं. पिशवीतून पेपरात गुंडाळलेला फोटो काढला. तोच. भावे नाट्यमंदिराच्या मागच्या दाराशी, 87 चा डिसेंबर, एकांकिका आपटल्यानंतरचा. तुझे डोळे मिटलेले, माझं तोंड वासलेलं, आणि मध्ये पक्या असा उभा की करंडक त्यालाच मिळालाय. म्हणाल्या, "दिगू, एवढा रंगीत करून दे. नुसता पक्या घे. बघ, माझा मोरपंखी स्वेटर घातलाय त्यानं."

धस्स झालं ना? मलाही झालं. मी "पुढच्या गुरुवारी या" म्हणालो आणि त्यांना चहा पाजून रिक्षात बसवलं.

फोटो ब्लॅक अँड व्हाईट खरा, पण काळं उडून तपकिरी झालंय आणि पांढरं पिवळं. मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केला. उडालेल्या फोटोवर आमचा पहिला उपाय म्हणजे त्याचीच कॉपी त्याच्यावर लेयर, म्हणजे वरचा थर, म्हणून टाकायची आणि मोड, म्हणजे दोन थर मिसळायची रीत, मल्टिप्लाय करायचा. नावाप्रमाणे चक्क गुणाकार आहे: प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला आकडा असतो, काळा 0, पांढरा 255; खालचा आकडा गुणिले वरचा, भागिले 255. पांढरा तसाच राहतो. 200 चा फिका करडा 157 वर येतो. उजळ काहीच होत नाही. पण केस आणि दाराची सावली आधीच 60 च्या आसपास, ती 14 वर उतरून नुसतं डांबर होतं. मग मास्क लावून तेवढ्या जागेवरचा वरचा थर झाकायचा.

याच्या उलटा मोड तो स्क्रीन. पण तुला हे काय शिकवायचं, तू ते भर रंगमंचावर करून दाखवलंयस! एकाच स्पॉटवर लाल आणि हिरवं जिलेटिन, ते रंगीत पारदर्शक कागद, एकावर एक. लालमधून जे आलं ते हिरव्यानं अडवलं, आणि आपला राजा अंधारात मेला. प्रेक्षकांना कळलंही नाही तो मेला ते. हा मल्टिप्लाय. मी विंगेतून ओरडत होतो, अरे दोन स्पॉट घे, एकावर लाल, एकावर हिरवं, दोन्ही त्याच्यावर पाड, पिवळा उजेड मिळेल. तो स्क्रीन. तू काय म्हणालास? "प्रकाशयोजना माझी आहे." आता तरी कबूल कर. परीक्षकांनी आपल्या प्रकाशयोजनेला "धाडसी" म्हटलं होतं ते काही कौतुक नव्हतं.

असो. डाव्या गालावर ओल लागून फिकट चट्टा पडलाय. त्याला मूळ फोटोला हात न लावता ओव्हरले नावाचा मोड वापरतो. 128 चा करडा भरलेला लेयर ओव्हरलेवर ठेवला की तो दिसतच नाही, मधोमधचा ना, ना उजळ करत ना गडद. त्यावर काळा ब्रश अगदी हलका फिरवला की खालचं गडद होतं, पांढरा फिरवला की उजळतं. काल रात्री दोन तास त्याचा गाल घासत बसलो होतो. जिवंतपणी कधी दाढीचं पाणी दिलं नाही त्याला.

आणि मग रंग. कलर नावाचा मोड आहे. वरच्या लेयरमधून रंगाची छटा आणि तिचा भडकपणा घेतो, उजेड-सावली खालच्या फोटोची ठेवतो. चेहऱ्याला एकच रंग फासला तर माणूस मेणाचा दिसतो, म्हणून कान, नाक, गाल जरा लालसर, दाढीच्या जागी किंचित निळसर करडा. तेवढं जमलं. हसतोय असं वाटतं.

स्वेटरपाशी अडलो. त्याचा करडा 77 च्या आसपास. आता गंमत बघ. लाल, हिरवा, निळा यांचा करडा काढताना लालचा वाटा साधारण 30 टक्के, हिरव्याचा 59, निळ्याचा 11. मोरपंखी घे, हिरवा 110, निळा 110: येतात 77. तुझा तो तांबडा घे, लाल 180, हिरवा 35, निळा 20: तेही 77. फिल्मचा हिशेब थोडा वेगळा असतो, पण मुद्दा तोच. करडा साक्ष देत नाही. मोरपंखी टाकला तरी बसतो, तांबडा टाकला तरी बसतो, आणि दोन्ही खरे दिसतात.

मोरपंखी कुठे गेला ते आपल्याला माहीत आहे, आणि तिला. मिरज स्टेशन, महालक्ष्मी सुटायच्या आधी, "थंडी वाजेल तुला". त्यानंतर आठवडाभर तो कुडकुडत फिरला म्हणून तू तुझा दिलास, तिबेटी लोकांच्या स्टॉलवरचा. काकूंना मात्र त्यानं चार महिन्यांनी सांगितलं, पुण्याच्या बसमध्ये विसरला म्हणून. शपथ घेतलीस तू, मीही घेतली.

एवढंच असतं तर डोळे मिटून मोरपंखी टाकला असता. पण स्कॅन मोठा केला आणि वीण दिसली. काकूंच्या स्वेटरला छातीवर दोन वेण्या होत्या, आठवतात ना, तू त्याला "गंगावन" म्हणायचास. यात सरळ मशीनची वीण. कलर मोड रंग बदलतो, वीण खालच्या लेयरची, ती तशीच राहते. काकूंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, त्या डोळ्यानं बहुतेक नीट बघितलं नाही त्यांनी. दुसऱ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. मग फोटो भिंतीवर, रोज समोर.

वेण्या काढू शकतो मी. सॉफ्ट लाइटवर, म्हणजे ओव्हरलेच्याच जरा सौम्य भावावर, उजेड-सावली रंगवून एका दुपारचं काम. लोकांच्या लग्नात न आलेले काका उभे केलेत मी. पण ब्रश हातात घेतला की पक्या बघतोय असं वाटतं आणि उठून चहा करतो. आज सहा कप झाले.

सायलीचं लग्न ठरल्याचं वहिनींच्या स्टेटसवर कळलं. अभिनंदन, तारीख कळव. नव्या फ्लॅटची लिफ्ट सुरू झाली का?

फाईलमध्ये दोन्ही लेयर करून ठेवलेत, 'मोरपंखी' आणि 'मध्या'. लेयरशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, उघडा असला की तो दिसतो; एकाचा डोळा उघडा, दुसऱ्याचा बंद. आज रात्री दहा वेळा उघडझाप केली. सोबत दोन्ही पाठवतोय. मोबाईलवर नको, कॉम्प्युटरवर बघ. आणि गुरुवारच्या आत फोन कर. शपथ तुझीही आहे.

तुझा
दिगू