माशाच्या तेलाला ‘निर्धोक’ म्हणू नका

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवरचा लेख वाचून माझ्या वडिलांनी मला विचारलं, ‘मग मी कॅप्सूल बंद केल्या ते चुकलं का?’ या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे. ‘रोज दोन कॅप्सूल, हृदय ठणठणीत’ इथपर्यंत मी गप्प बसले असते. पण ‘नैसर्गिक असल्याने कसलाही अपाय नाही’ हे वाक्य तुम्ही चौकटीत घालून, ठळक टायपात छापलं आहे.

वडिलांनी असंच कुठेतरी वाचून माशाचं तेल सुरू केलं होतं. वय ७१, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर दुसरं औषध नाही. आधी दिवसाला एक कॅप्सूल, मग ‘जास्त ताकदीच्या’ चार. दीड वर्षाने एका पहाटे ते अंथरुणात उठून बसले. छातीत धडधड थांबेना. मी मनगट धरलं तर नाडीला तालच नव्हता. दोन ठोके भराभर, मग एक गाळलेला, मग लगोलग तीन. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली.

‘कोणती औषधं घेता?’ असं विचारल्यावर वडिलांनी रक्तदाबाची गोळी सांगितली. कॅप्सूल सांगितल्या नाहीत, कारण ते औषध आहे असं त्यांच्या मनातच नव्हतं. माझ्याही नव्हतं. त्यामुळे तीन आठवडे दोन्ही एकदम चालू राहिलं. मग एकदा त्यांनी शर्टाची बाही वर केली तर कोपराखाली काळेनिळे डाग. कुठे आपटल्याचं त्यांना आठवेना. डॉक्टर म्हणाले, पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून आणा. ती बाटली हातात फिरवून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली, ईपीए आणि डीएचए या तेलातल्या ओमेगा-३ मेदाम्लांच्या आकड्यांची बेरीज केली, तिला चाराने गुणलं आणि विचारलं, ‘हे आधी का नाही सांगितलं?’ ठोका यामुळेच बिघडला असं ते म्हणाले नाहीत. वयाने बिघडतो, रक्तदाबानेही बिघडतो. पण कॅप्सूल त्याच दिवशी बंद केल्या.

या तेलाने ठोका बिघडू शकतो ही शंका एकट्या त्यांची नाही. २०२१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात सात चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात ८१ हजारांवर माणसं होती. दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-३ दिलेल्या चाचण्यांत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका ४९ टक्क्यांनी वाढलेला दिसला, त्याहून कमी मात्रेत १२ टक्क्यांनी. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी ओमेगा-३ च्या औषधांच्या माहितीपत्रकात हा दुष्परिणाम नोंदवायला लावला. तुमच्या लेखात यातलं एक अक्षर नाही. आणि निरोगी माणसाला या तेलाचा उपयोग किती? २०१८ च्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम तेल दिलं होतं. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकूण प्रमाण त्याने लक्षणीय घटलं नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या काही रुग्णांना डॉक्टर शुद्ध केलेलं ईपीए मोठ्या मात्रेत देतात आणि त्याचा फायदाही दिसला आहे, हे मला मान्य आहे. पण ते रुग्ण तपासणीखाली असतात. पुरवणी वाचून बाटली आणणाऱ्याची नाडी कोण बघणार?

आणखी एक. लेखात साधं माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, एकच धरलं आहे. यकृताच्या तेलात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि गरोदरपणात ते अती झालं तर गर्भात व्यंग होऊ शकतं. अशा तेलाच्या लेखात ‘गरोदर स्त्रियांनीही घ्यावं’ हे वाक्य छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला दाखवायला हवं होतं. लेखकाच्या नावाखाली त्यांचं शिक्षण दिलेलं नाही. खाली अशाच कॅप्सूलची पाव पान जाहिरात मात्र आहे. दोन्ही एकाच पानावर घेणं मला अजिबात पटलेलं नाही.

पुढच्या पुरवणीत, त्याच जागी, त्याच ठळक टायपात दुरुस्ती छापावी, ही विनंती. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं, एवढं तरी त्यात असू द्या. वडील ती पुरवणी पहिल्या ओळीपासून वाचतात. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तुमच्याच पानावर मिळायला हवं.

आपली,
एक वाचक